लाँगहॉर्न : न आलेल्या विंडोजचा इतिहास

२७ ऑक्टोबर २००३. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात हजारो प्रोग्रामर एका भव्य सभागृहात जमले होते. व्यासपीठावर मायक्रोसॉफ्टचे संस्थापक बिल गेट्स होते आणि विंडोजच्या आगामी आवृत्तीत काय काय असेल, हे ते सांगत होते. या आवृत्तीचे सांकेतिक नाव ‘लाँगहॉर्न’. विंडोज ९५ नंतरची ही सर्वांत मोठी झेप ठरेल, असा त्यांचा दावा होता. संमेलनाला आलेल्यांना तिची कच्ची आवृत्तीही देण्यात आली.

त्या दिवशी व्यासपीठावरून वर्णन केलेली विंडोज पुढे कधीच पूर्ण झाली नाही. तीन वर्षांनी जी हाती आली, तिचे नाव वेगळे होते, पाया वेगळा होता आणि तिच्याविषयीचे लोकमतही अगदी वेगळे होते. हा धागा त्या दोहोंमधील अंतराविषयी आहे.

नवी ऑपरेटिंग सिस्टिम येणार म्हटले की ‘तिच्यात काय असेल’ याच्या याद्या आजही महिनोन्‌महिने आधी फिरू लागतात. बखर हाती आली की अभ्यासक आधी विचारतो : ही कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली? या याद्यांनाही हेच प्रश्न लागू पडतात. फरक इतकाच की बखर घटनेनंतर लिहिली जाते आणि ही यादी घटनेच्या आधी.

प्रथम नावाची कथा, कारण पुढील सारा गोंधळ त्या नावातच दडलेला आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हिसलर आणि ब्लॅककोम्ब हे दोन पर्वत आहेत. बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांचे ते आवडते ठिकाण. ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीचे सांकेतिक नाव ‘व्हिसलर’ होते आणि त्यानंतरच्या मोठ्या आवृत्तीसाठी ‘ब्लॅककोम्ब’ हे नाव ठरले होते. या पर्वतांच्या पायथ्याशी ‘लाँगहॉर्न’ नावाचे एक मद्यगृह आहे. एका शिखरावरून दुसऱ्याकडे जाताना घटकाभर टेकायची जागा! मूळ बेतही तसाच होता. लाँगहॉर्न ही दोन मोठ्या आवृत्त्यांमधील छोटी पायरी असणार होती आणि २००३ च्या अखेरीस ती येणे अपेक्षित होते.

प्रत्यक्षात ब्लॅककोम्बसाठी योजलेल्या मोठ्या कल्पना एकेक करून लाँगहॉर्नमध्ये शिरत गेल्या. वाटेवरच्या मुक्कामाचेच शिखर झाले. ज्या महिन्यांत ती बाजारात यायची होती, त्या महिन्यांत तिची केवळ घोषणा होत होती.

लॉस एंजेलिसच्या व्यासपीठावर तीन ‘स्तंभ’ मांडले गेले. ‘अ‍ॅव्हलॉन’ हा पडद्यावरील चित्र रेखाटण्याचा नवा मार्ग, ‘इंडिगो’ हा प्रोग्रामांनी परस्परांशी संवाद साधण्याचा. सर्वांत महत्त्वाकांक्षी होता तो तिसरा, ‘विनएफएस’. संगणकातील फायली फोल्डरांच्या उतरंडीत ठेवण्याऐवजी त्यांची माहिती एका डेटाबेसमध्ये गुंफायची, अशी ती कल्पना. छायाचित्र, पत्र, व्यक्ती, तारीख या सगळ्यांची नाती संगणकालाच ठाऊक असावीत. मग ‘मावशीने गेल्या दिवाळीनंतर पाठवलेले फोटो’ इतके सांगितले की ते समोर यावेत. फाइल कोणत्या फोल्डरात आहे हे आठवण्याची गरजच उरू नये.

ही कल्पना नवी नव्हती. १९९१ पासून मायक्रोसॉफ्टमध्ये ‘कैरो’ नावाच्या प्रकल्पाची चर्चा होती. त्याचेही स्वप्न जवळपास हेच होते आणि तोही त्या नावाने कधी बाजारात आला नाही. म्हणजे २००३ साली ज्या गोष्टीला उद्याचे आश्चर्य म्हणून टाळ्या मिळाल्या, ती बारा वर्षे जुनी, एकदा फसलेली आकांक्षा होती. सभागृहातील किती जणांना हे आठवले असेल?

त्याच सुमारास कंपनीच्या दाराशी एक वेगळेच संकट उभे होते. २००१ मध्ये ‘कोड रेड’ आणि ‘निम्डा’ या वर्म्सनी जगभरच्या विंडोज यंत्रणांत धुमाकूळ घातला. जानेवारी २००२ मध्ये गेट्स यांनी सर्व कर्मचाऱ्यांना पत्र लिहून नव्या सोयींपेक्षा सुरक्षिततेला अग्रक्रम देण्यास सांगितले. तरीही जानेवारी २००३ मध्ये ‘स्लॅमर’ आला आणि ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’. ब्लास्टरची लागण झालेल्या संगणकावर एक छोटी चौकट उमटे, साठ सेकंदांची उलटी गणना सुरू होई आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होई. त्या काळात घरी एक्सपी असलेल्यांपैकी अनेकांना ती चौकट अजून आठवत असेल.

उद्याची विंडोज लिहिणाऱ्या हातांना त्यामुळे आजची विंडोज सावरण्याचे काम करावे लागले. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा ‘सर्व्हिस पॅक २’ आला. त्यात फायरवॉल मुळातच चालू स्थितीत मिळू लागली. नाव ‘सर्व्हिस पॅक’ असले आणि तो विनामूल्य असला, तरी त्या वर्षांतील खरी नवी विंडोज तीच होती, असे म्हणायला हरकत नाही.

लाँगहॉर्नची अवस्था मात्र बिकट होत चालली होती. जानेवारी २००४ मध्ये विंडोज विभागाचे प्रमुख जिम ऑलचिन यांनी गेट्स आणि स्टीव्ह बामर यांना एक ईमेल लिहिला. कंपनी ग्राहकाला काय हवे ते विसरली आहे, आपण मायक्रोसॉफ्टमध्ये नसतो तर मॅक विकत घेतला असता, असा त्याचा आशय. हे पत्र खासगीच राहायचे. २००६ च्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका खटल्यात ते पुरावा म्हणून उघड झाले आणि आपण मुद्दाम नाट्यमय भाषा वापरली होती, असा खुलासा ऑलचिन यांना करावा लागला. घोषणेनंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, घोषणा करणाऱ्यांच्याच घरात काय बोलले जात होते, हे त्या पत्रावरून कळते.

२००४ च्या जुलैमध्ये ऑलचिन यांनी गेट्स यांना स्पष्टच सांगितले की हे चालणार नाही. वर्षभराने ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ही हकीकत प्रसिद्ध केली. त्या वृत्तान्तात एक तपशील असा आहे की तो वाचून सारे काही डोळ्यांसमोर उभे राहते. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अमिताभ श्रीवास्तव तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये वरिष्ठ पदावर होते. विंडोजचे निरनिराळे भाग एकमेकांवर कसे अवलंबून आहेत, याचा नकाशा त्यांनी आपल्या चमूकडून काढवून घेतला. तो आठ फूट उंच आणि अकरा फूट रुंद झाला! शेकडो रूळ एकमेकांना छेदत जाणाऱ्या एखाद्या अस्ताव्यस्त रेल्वे नकाशासारखा तो दिसत होता.

अशा जाळ्यात एक रूळ हलवला की कुठली गाडी कुठे घसरेल, हे कोणालाच सांगता येत नाही. कोणी आळशी होते किंवा अडाणी होते, असे यातून निघत नाही. वर्षानुवर्षे हजारो माणसांनी घाईघाईने चढवलेल्या मजल्यांची ती इमारत होती. आराखडा मात्र कुणाजवळच पूर्ण नव्हता.

निर्णय कठोर होता. तोवरच्या कामातील बराचसा भाग बाजूला ठेवून ‘विंडोज सर्व्हर २००३’ च्या पायावर नव्याने बांधणी सुरू झाली. चुकीचा कोड मुख्य प्रवाहात येऊ नये म्हणून स्वयंचलित तपासणीची नाकी उभारली गेली. २७ ऑगस्ट २००४ रोजी जाहीर झाले की विनएफएस या आवृत्तीत नसेल, आणि अ‍ॅव्हलॉन व इंडिगो हे जुन्या एक्सपीसाठीही उपलब्ध होतील. म्हणजे तीन स्तंभांपैकी एक कोसळला आणि उरलेले दोन फक्त या इमारतीचे राहिले नाहीत. घोषणेला तेव्हा एक वर्षही झाले नव्हते.

विनएफएसचा शेवटही सांगून टाकावा. ऑगस्ट २००५ मध्ये त्याची स्वतंत्र चाचणी आवृत्ती आली. जून २००६ मध्ये तो स्वतंत्रपणे येणार नसल्याचेही जाहीर झाले. दरम्यान अ‍ॅपलने एप्रिल २००५ मध्ये ‘टायगर’ या आवृत्तीत ‘स्पॉटलाइट’ दिला. फायली जिथे आहेत तिथेच ठेवायच्या आणि त्यांची एक सूची पडद्यामागे सतत अद्ययावत ठेवायची. पुस्तकाची नव्याने मांडणी करण्याऐवजी शेवटी शब्दसूची जोडण्यासारखेच हे काम. मावशीचे फोटो शोधायला बहुतेकांना तेवढे पुरे होते. पुढे मायक्रोसॉफ्टनेही हाच मार्ग धरला.

जुलै २००५ मध्ये लाँगहॉर्नचे अधिकृत नामकरण झाले : विंडोज व्हिस्टा. मार्च २००६ मध्ये कळले की सर्वसामान्य ग्राहकांना ती २००६ च्या नाताळात न मिळता जानेवारी २००७ मध्ये मिळेल. संगणक विकणाऱ्या कंपन्यांच्या दृष्टीने हा मोठाच आघात होता. पाश्चात्त्य देशांत वर्षातील सर्वाधिक खरेदी नाताळच्या हंगामात होते. नवी विंडोज येणार हे ठाऊक असताना ग्राहक जुनी विंडोज असलेले यंत्र घेईल का?

यावर उपाय म्हणून स्टिकर आला. २००६ मध्ये एक्सपीसह विकल्या जाणाऱ्या संगणकांवर ‘व्हिस्टा केपेबल’ अशी चिठ्ठी लावली गेली. अर्थ असा की आज घ्या, उद्या व्हिस्टा आली की ती यावर चालेल. व्हिस्टा चालण्यासाठी किमान ५१२ एमबी रॅम आणि ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर पुरेसा होता. परंतु जाहिरातींतील काचेसारखा पारदर्शक देखावा, ज्याला ‘एरो’ म्हणत, तो हवा असेल तर १ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स लागत. स्टिकर लावलेली अनेक यंत्रे या दुसऱ्या कसोटीला उतरत नव्हती.

२००७ मध्ये सिएटलच्या न्यायालयात यावरून खटला उभा राहिला. २००८ मध्ये त्याला सामूहिक दाव्याचे रूप मिळाले आणि पुढच्या वर्षी ते रूप काढूनही घेतले गेले. खटल्याच्या निकालापेक्षा इतिहासाला उपयोगी पडली ती त्यात उघड झालेली अंतर्गत पत्रे. आपण २,१०० डॉलरना घेतलेले यंत्र आता केवळ ईमेल पाहण्याच्या कामाचे उरले आहे, अशी तक्रार मायक्रोसॉफ्टच्याच एका उपाध्यक्षाने केली होती. इंटेलला जुन्या चिपा विकता याव्यात म्हणून पात्रतेची अट शिथिल केली गेली, असे दुसऱ्या एका पत्रात म्हटले होते. इंटेलने ते मान्य केले नाही. स्टिकरवरील शब्द खोटा नव्हता. ‘चालेल’ आणि ‘जाहिरातीत दिसते तशी चालेल’ यांतील अंतर मात्र त्यावर लिहिलेले नव्हते.

३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा जगभर विक्रीला आली आणि तक्रारींचा पूर आला. यातील दोन तक्रारी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली ड्रायव्हरांची. ग्राफिक्स कार्ड, प्रिंटर, स्कॅनर यांचे संगणकाशी बोलणे ज्या छोट्या प्रोग्रामांमार्फत होते, ते ड्रायव्हर. व्हिस्टात ग्राफिक्स ड्रायव्हरांची संपूर्ण रचनाच बदलली होती. हेतू चांगला होता : एखादा ड्रायव्हर कोसळला तरी सारा संगणक कोसळू नये. मात्र हे ड्रायव्हर लिहिणाऱ्या कंपन्या पहिल्या दिवशी तयार नव्हत्या. पाच वर्षांत अंतर्भागाचे स्वरूप इतक्या वेळा बदलले होते की अखेरपर्यंत थांबून पाहणे त्यांना शहाणपणाचे वाटले असावे. त्यामुळे कालपर्यंत चालणारा प्रिंटर अचानक मुका झाला आणि ग्राहकाने दोष दिला तो विंडोजला.

दुसरी तक्रार परवानगीच्या चौकटींची. व्हिस्टात कोणताही प्रोग्राम यंत्रणेत बदल करू लागला की पडदा काळवंडे आणि ‘परवानगी आहे का?’ असा प्रश्न येई. दिवसातून अनेकदा. या चौकटीवर व्यंगचित्रे झाली, अ‍ॅपलने जाहिराती केल्या. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने जाहीर परिषदेत कबूल केले की ही सोय त्रास देण्यासाठीच बनवली होती. ग्राहक वैतागला की तो सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला जाब विचारील आणि मग सॉफ्टवेअर बनवणारे विनाकारण सर्वाधिकार मागणे सोडतील, असा तो हिशेब होता. हिशेब बऱ्याच अंशी बरोबर ठरला. पण ज्याच्या खिशातून हा दंड वसूल झाला, त्याला ‘हे तुझ्यासाठी नाही, दुसऱ्यासाठी आहे’ असे कोणी सांगितले नव्हते.

जुलै २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक गमतीदार प्रयोग केला. व्हिस्टाविषयी वाईट मत असलेल्या लोकांना ‘मोहावी’ नावाची आगामी विंडोज म्हणून एक प्रणाली दाखवली गेली. ती बहुतेकांना आवडली. मग सांगण्यात आले की ही व्हिस्टाच आहे! लोकांचे मत अनुभवापेक्षा ऐकीव गोष्टींवर उभे आहे, हे कंपनीला यातून सिद्ध करायचे होते. ते काही प्रमाणात खरेही असेल. मात्र प्रयोगातील यंत्र मायक्रोसॉफ्टने निवडलेले होते, दाखवणारा माणूस तिचा होता आणि प्रिंटर जोडून देण्याची जबाबदारी प्रेक्षकावर नव्हती. साधनचिकित्सा शिकवताना हा प्रसंग वर्गात जरूर घ्यावा असा आहे.

लोकांनी एक्सपी सोडली नाही. तिची विक्री थांबवू नये म्हणून ‘इन्फोवर्ल्ड’ नियतकालिकाने चालवलेल्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. ८ एप्रिल २०१४ पर्यंत तिला सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहिल्या आणि त्यानंतरही ती नाहीशी झाली नाही. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून भारतातील बँकांना बजावावे लागले की एटीएममधील एक्सपी आणि इतर कालबाह्य प्रणाली टप्प्याटप्प्याने, जून २०१९ पर्यंत पूर्णपणे बदला. गल्लीच्या कोपऱ्यावरील पैसे देणाऱ्या यंत्रात २००१ सालची विंडोज अजून जागी होती. उत्तराधिकारी पाच वर्षांनी आला आणि आल्यावर कोणाला नकोसा झाला, की जुन्या गादीचे आयुष्य असे वाढते.

ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आली आणि तिचे सर्वत्र स्वागत झाले. वस्तुतः ती व्हिस्टाचीच सुधारलेली बहीण होती. व्हिस्टाचा अंतर्गत क्रमांक ६.०, विंडोज ७ चा ६.१. तिची किमान अट होती १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १ जीबी रॅम. म्हणजे जवळपास तेवढीच, जेवढी पूर्ण व्हिस्टासाठी लागत होती. फरक असा की मधल्या काळात असे यंत्र स्वस्त आणि सर्वसामान्य झाले होते, ड्रायव्हर लिहून झाले होते आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी उठल्यासुटल्या परवानगी मागणे कमी केले होते. विंडोज ७ ला मिळालेल्या कौतुकातील मोठा वाटा व्हिस्टाच्या ग्राहकांनी आगाऊ फेडलेला होता.

आता पुन्हा जानेवारी २००७ कडे वळावे लागेल, कारण त्या दिवशी आलेल्या व्हिस्टात मराठी वाचकाच्या दृष्टीने एक मोठा बदल होता आणि तो कोणत्याही जाहिरातीच्या मथळ्यात नव्हता.

संगणकावर देवनागरीचा प्रश्न जुना आहे. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर बरेच मूलभूत काम केले; ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांसाठीचे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी त्याच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आणि ‘मंगल’ हा फाँट आला. पण सर्वसामान्य घरांत आणि सायबर कॅफेंत पोहोचली ती एक्सपी, आणि एक्सपीत ही सोय मुळात बंद असे. कंट्रोल पॅनेल उघडायचे, ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जायचे, तेथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणजे गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या चौकटीत खूण करायची. मग संगणक विंडोजची सीडी मागे. ज्याने दुकानदाराकडून संगणक जुळवून घेतला होता, त्याच्याजवळ ती सीडी कुठून असणार? सायबर कॅफेत तर कंट्रोल पॅनेलला हात लावायचीही परवानगी नसे.

१ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्याच सुमारास युनिकोडमध्ये लिहिणारी मराठी संकेतस्थळे आणि अनुदिन्याही उभ्या राहू लागल्या होत्या. ती खूण न केलेल्या संगणकावर या पानांच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या ओळी दिसत. कुठे अक्षरे उमटलीच तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाई आणि जोडाक्षरे तुटून हलन्त उघडे पडत. आपले लिखाण कसे वाचावे, हे सांगणारी पाने मराठी लिहिणाऱ्यांना लिहावी लागत. आणि तीही पुष्कळदा इंग्रजीत किंवा चित्ररूपात, कारण मराठीत लिहिलेली सूचना ज्याला हवी त्यालाच दिसली नसती.

व्हिस्टात ती चौकट नव्हती. खूण करायची नव्हती, सीडी शोधायची नव्हती. गुंतागुंतीच्या म्हणवल्या गेलेल्या लिप्या मूळ स्थापनेतच समाविष्ट होत्या. संगणक खोक्यातून काढावा, इंटरनेटला जोडावा, मराठी पान उघडावे. वेलांटी जागेवर, जोडाक्षर जुळलेले. ज्याने एक्सपीची खटपट कधी केली नव्हती, त्याला यात काही घडले आहे, हे कळलेही नसेल.